शिकायचं खरं, पण खाडा कोण भरून देणार?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते सर आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला शिकवत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले बरेच जण समोर बसले आहेत, त्यामुळे सरांविषयी मी लांबण लावणं हा आगाऊपणा होईल. एवढंच सांगतो, की सकाळच्या पाळीला लेथवर उभं राहणाऱ्या पोराला ते आधी विचारायचे, "खाऊन आलास का?" त्यात माया होतीच, पण हिशेबही होता. उपाशी पोराचं लक्ष उडतं आणि लेथवर लक्ष उडालं की बोट जातं.

त्या काळी आयटीआयच्या प्रशिक्षणार्थ्याला सरकारकडून महिन्याला चाळीस रुपये विद्यावेतन मिळे. रक्कम ठरली तेव्हा तिला काही अर्थ असेल, पण ती वर्षानुवर्षं तिथंच राहिली. अलीकडे तिचे पाचशे झाले. पाचशे रुपयांत आज पीएमपी बसचा साधा मासिक पासही येत नाही. तरी सरकारने एक गोष्ट तत्त्वतः कधीच नाकारली नव्हती, की शिकणाऱ्याच्या पोटाचं बघावं लागतं.

पुण्याला तर हे नव्याने सांगायलाच नको. पेशवाईत पर्वतीजवळच्या रमण्यात विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. कंपनी सरकारने त्या दक्षिणेचा काही भाग वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं गरीब विद्यार्थी या शहरात वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला 'कमवा आणि शिका' म्हणत तोच प्रश्न स्वाभिमानाच्या अंगाने सोडवला. दक्षिणा कुणाला मिळायची आणि वार कुणाच्या पोरांचे लागायचे, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याची चिकित्सा या शहरात जोतीराव फुल्यांनीच करून ठेवली आहे. माझा मुद्दा त्या पुढचा आहे. शिकणाऱ्याला जगवायची रीत आपल्याकडे जुनी आहे, पण तो शिकणारा नेहमी पोरसवदा धरला गेला. चौतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप शिकायला आला तर त्याचं काय, हे आपण कधी नीट ठरवलंच नाही.

असा माणूस बघायचा असेल तर वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी आठच्या सुमारास जा. मराठवाड्यातले, कर्नाटकातले, विदर्भातले लोक उभे असतात. गवंड्याच्या पिशवीतून थापीचा दांडा डोकावतो, रंगाऱ्याच्या बादलीत ब्रश असतात. बिगाऱ्याच्या हातात फक्त डबा असतो. मोटारसायकलवरचा मुकादम गाडी बंदही करत नाही. दोन बोटं वर करतो, दोघं जण मागे बसतात. साडेनऊनंतर दर घसरायला लागतो. दहा वाजले की जे राहिले ते काही वेळ कठड्यावर बसतात आणि घरी परततात. डबा दुपारी घरीच उघडला जातो.

तिथल्या एका बिगाऱ्याशी माझं बरंच बोलणं झालं. तो फरशीवाल्याच्या हाताखाली जातो. माल कालवतो, टाइल उचलून देतो, कटर चालवायलाही आता शिकलाय. लेव्हल काढणं, कोपरे जुळवणं, उताराचा अंदाज ही खरी विद्या त्याला येत नाही, कारण मिस्त्री ती कामाच्या घाईत शिकवत नाही, आणि सगळं शिकवलं तर उद्या हाच आपल्या पोटावर येईल ही भीतीही असते. बिगाऱ्याची हजेरी सातशेच्या आसपास. फरशी बसवणारा मिस्त्री हजार-बाराशेला जातो आणि त्याला कामही जास्त दिवस मिळतं. बिगाऱ्याला महिन्यात पंधरा-सोळा हजेऱ्या भरल्या तर तो महिना बरा म्हणायचा. म्हणजे हातात दहा-अकरा हजार, त्यातले निम्मे खोलीभाड्याला.

मी त्याला म्हटलं, फरशीकामाचा फुकट वर्ग असेल तर येशील का? तो हसला. "दादा, वर्ग फुकट असंल. पण दोन महिने खाडे पडले तर खोलीवाला सामान बाहेर टाकंल."

अर्थशास्त्राची पुस्तकं ज्याला शिक्षणाचा संधी-व्यय म्हणतात, तो एवढाच आहे. सरकार फी माफ करतं. पण या माणसाच्या बाबतीत फी हा शिकण्याचा सगळ्यात किरकोळ खर्च असतो. खरा खर्च बुडालेल्या मजुरीचा असतो, आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो मजुराच्या घरातून जातो.

शिवाय हा माणूस आकडेवारीत बेकारही नाही. श्रमशक्तीच्या पाहणीत चालू साप्ताहिक स्थितीने मोजलं, तर आठवड्यातल्या कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. ती व्याख्या आंतरराष्ट्रीय आहे, तिच्यात लबाडी नाही. पण धोरण आखणाऱ्याने तिच्यावरच भिस्त ठेवली तर अर्ध्या कामावर जगणारी माणसं नजरेआड होतात. पूर्ण बेकार निदान आकड्यांत दिसतो, कायम नोकरीवाल्याला पगारी रजा असते. हा मधल्यामध्ये.

आता योजना बघू. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. लोकांच्या तोंडी ती 'लाडका भाऊ' म्हणून बसली. बारावी पासला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. मुदत सहा महिने. पुढे ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. त्यासाठी साडेपाच हजार कोटींची तरतूद सांगितली गेली. काम शिकताना थेट बँक खात्यात पैसे, ही कल्पना मला मोलाची वाटते आणि निवडणुकीच्या वर्षात आली म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. पण दारावरची पाटी वाचा: वय अठरा ते पस्तीस, शिक्षण किमान बारावी. आमचा बिगारी आठवीत शाळा सोडलेला. शिवाय जितकं शिक्षण जास्त तितका भत्ता जास्त. ज्याच्या पाठीशी आईवडिलांचं घर असण्याची शक्यता अधिक त्याला दहा हजार, आणि ज्याच्यावर घर उभं आहे त्याला काहीच नाही. यातले कित्येक प्रशिक्षणार्थी सरकारी कार्यालयांत बसवले गेले. मुदत संपल्यावर तीच मुलं कायम करा म्हणून आंदोलनाला उतरली. त्यांचं काय चुकलं? अकरा महिने टेबलावर बसवून काम करून घेतलं, तर ते प्रशिक्षण होतं असं कोण मानेल?

दुसरी, केंद्राची पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ पासूनची. तिच्यात अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात गवंडीकामही आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक आणि पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त प्रगत प्रशिक्षण, आणि प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये. वर अवजारांसाठी पंधरा हजार. ही आखणी मला जास्त शहाणपणाची वाटते, कारण ती दिवसाच्या भाषेत बोलते आणि हातावर पोट असलेल्याचा हिशेब दिवसाचाच असतो. पण ती आधीपासून त्या धंद्यात असलेल्या स्वयंरोजगारी कारागिरासाठी आहे. गवंड्याला आणखी चांगला गवंडी करण्यासाठी. बिगाऱ्याला गवंडी करण्यासाठी नव्हे.

तिसरं उदाहरण आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचं, आणि शहरात फारसं कुणाला माहीत नसलेलं. ग्रामीण रोजगार हमीखाली २०१९ च्या अखेरीस 'उन्नती' नावाचा प्रकल्प सुरू झाला. ज्या कुटुंबाने वर्षात शंभर दिवस काम पुरं केलं, त्यातल्या अठरा ते पंचेचाळीस वयाच्या एका माणसाला कौशल्य शिकायला पाठवायचं, आणि शिकण्याच्या दिवसांचा, जास्तीत जास्त शंभर दिवस, रोहयोच्या मजुरीइतका भत्ता द्यायचा. अर्धवट काम असलेल्या प्रौढ मजुराचा खाडा सार्वजनिक पैशातून भरून द्यायचा, हे तत्त्व केंद्र सरकारने कागदावर मान्य केलं ते इथं. फक्त गावापुरतं. आमचा बिगारी गावीच रोहयोवर राहिला असता तर त्याला दार उघडं होतं. पुण्याला आला आणि अपात्र झाला.

रोहयोचं नाव निघालं की महाराष्ट्राने थोडं ताठ मानेने बोलायला हरकत नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला हा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कायद्याआधीच, १९७१ मध्ये, याच शहरात अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास मांडला होता. त्यांचं म्हणणं, जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, म्हणून ज्याला काम हवं त्याला सार्वजनिक कामांवर ते देण्याची हमी घ्या.

पण रोहयोतला मला सगळ्यात हुशार वाटणारा भाग खडी फोडण्याचा नव्हता, पैशाचा होता. सरकारने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या पगारदाराकडून थोडे थोडे पैसे घ्यायचे, तितकेच सरकारने घालायचे, आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. इथे बसलेल्या प्रत्येक नोकरदाराच्या पगारपत्रकावर 'पी. टी.' अशी दोन अक्षरं असतात. दरमहा दोनशे, आणि फेब्रुवारीत तीनशे. ते फेब्रुवारीचे शंभर जास्त का, असं दरवर्षी कुणीतरी अकाउंट्समध्ये जाऊन विचारतं. वर्षाचे अडीच हजार पुरे व्हावेत म्हणून, एवढंच उत्तर. पण हा कर मुळात कशासाठी आला, हे मी गेल्या काही वर्षांत हिंजवडीच्या बऱ्याच तरुणांना विचारून पाहिलं. कुणी म्हणालं, नोकरीचा परवाना असेल. एकाला वाटलं, प्रॉव्हिडंट फंडाचाच प्रकार.

अडीच हजारांची ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे आणि ती १९८८ च्या दुरुस्तीनंतर हललेली नाही. महिना अकरा हजारांच्या पगारावरचा वॉचमन वर्षाला अडीच हजार भरतो, आणि ज्या इमारतीचं दार तो उघडतो तिथला तीन लाख पगाराचा व्यवस्थापकही अडीच हजारच भरतो. महिला कर्मचाऱ्यांना पंचवीस हजारांपर्यंत २०२३ मध्ये सूट मिळाली, ती योग्यच. पण वरच्या टोकाला कुणी हात लावलेला नाही. ते काम संसदेचं आहे, आणि त्यासाठी आवाज उठवायचा मान रोहयोच्या राज्याचा आहे.

आता माझा हिशेब ऐका. फरशीकाम, प्लंबिंग, वायरिंग, लिफ्टची देखभाल, यातलं कुठलंही काम हाताला बसायला पन्नास दिवसांचा पूर्ण वेळ वर्ग पुरतो असं धरू. रोजचा भत्ता पाचशे. तो बिगाऱ्याच्या हजेरीपेक्षा कमी आहे आणि तो कमीच असावा. पण महिन्यातल्या निम्म्या दिवशी रिकाम्या हाताने परतणाऱ्याला पंचवीस दिवसांचे पाचशे हे सोळा दिवसांच्या सातशेपेक्षा जास्त पडतात. एका माणसामागे खर्च पंचवीस हजार. म्हणजे दहा पगारदारांचा एका वर्षाचा व्यवसाय कर. आपल्यातले दहा जण आत्ता ज्या रांगेत बसलेत, ती एक रांग. २००६ नंतर ग्रामीण रोहयोच्या मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला; व्यवसाय कर मात्र कापला जातोच आहे. त्यातला एक हिस्सा शहरातल्या अर्धबेकाराच्या शिकण्याला द्यायला काय हरकत आहे?

दुसरा पैसा बांधकामाचाच. १९९६ च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसत आला आहे आणि तो मजुरांच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. एका सदनिकेचा बांधकाम खर्च चाळीस लाख धरला तर उपकर चाळीस हजार. खराडी, बाणेर, हिंजवडीत मान वर करून मजले मोजा आणि गुणाकार तुम्हीच करा. या पैशातून मजुरांना भांड्यांचे संच मिळाले, सुरक्षा पेट्या मिळाल्या, दुपारचं जेवण मिळालं. त्या संचातल्या कुकरवर मी टीका करणार नाही. ज्याच्या घरात नव्हता त्याला त्याची किंमत कळते. पण संचासाठी रात्रीपासून रांग लावताना त्या दिवशीचाही खाडा पडतोच. शिवाय मंडळाच्या नोंदणीला वर्षात नव्वद दिवस बांधकामावर असल्याचा दाखला लागतो. अड्ड्यावरचा माणूस रोज वेगळ्या मुकादमाच्या गाडीवर बसतो. तो कुणाकडे मागणार दाखला?

'मालकाने खर्च करावा, सरकारने का?' असं मला नेहमी विचारलं जातं. जिथे मालक आहे तिथे त्याने करावाच. १९६१ चा शिकाऊ उमेदवारीचा कायदा त्यासाठीच आहे. पण अड्ड्यावर मालक दिवसाला बदलतो. हा पेच आपण एकदा सोडवलेला आहे. हमालाचाही एक मालक नसतो, म्हणून १९६९ च्या माथाडी कायद्याने सगळ्या मालकांकडून लेव्ही घेऊन ती मंडळात जमा केली, आणि गुलटेकडीच्या हमालाला भविष्य निर्वाह निधी मिळाला. मजुराला मालक नसला तरी मजुरीवर आणि इमारतीवर लेव्ही बसवता येते.

उलटा धडाही आपल्या दारातच आहे. उदारीकरणानंतर १९९२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. कारखाने बदलणार, कामगार बाहेर पडणार, त्यांना नवं काम शिकवून दुसरीकडे उभं करायचं, असा हेतू. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीवर गेला. पिंपरी-चिंचवडमध्ये त्या दशकात आणि नंतरही खासगी-सरकारी दोन्ही कारखान्यांतून 'व्हीआरएस घेतलेला' अशी एक जमातच तयार झाली. कुणी रिक्षा घेतली, कुणी घरावर मजला चढवला, कुणी मुलीचं लग्न उरकलं. बेचाळीस-पंचेचाळीस वयाची, मायक्रोमीटर हातात घेऊन वाढलेली माणसं. त्यांना जाण्यासाठी पैसे दिले, शिकण्यासाठी फारसं कुणी दिलं नाही.

परदेशातलं थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे आकडे आपल्याला लागू पडत नाहीत. जर्मनीत काम कमी झालं की बुडालेल्या निव्वळ पगाराचा साठ टक्के, मूल असेल तर सदुसष्ट टक्के हिस्सा भरून मिळतो. सिंगापूरने २०२५ पासून चाळिशी ओलांडलेल्याला पूर्ण वेळ शिकताना त्याच्या सरासरी उत्पन्नाच्या निम्मा भत्ता सुरू केला, महिन्याला तीन हजार सिंगापूर डॉलरच्या मर्यादेत, एकूण चोवीस महिने. घेण्यासारखं आहे ते वय. चाळिशीनंतर. आपल्याकडे 'लाडका भाऊ'चं दार पस्तिशीला बंद होतं.

आता गैरप्रकार. ते होणार. ज्याने कधी ओळंबा धरला नाही त्याचं नाव हजेरीपटावर येणार. भत्ता संस्थेमार्फत दिला तर संस्था त्यात हात मारणार आणि मालकामार्फत दिला तर मालक त्याला स्वस्त मजूर करून टाकणार. चाकणच्या पट्ट्यात 'ट्रेनी' म्हणून पाच-पाच वर्षं असेंब्ली लाइनवर उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. ती काय शिकत होती, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. म्हणून भत्ता मजुराच्या खात्यात, आठवड्याच्या आठवड्याला. महिन्याने दिला तर तोवर तो उचल घेऊन बसेल. परीक्षा संस्थेने घ्यायची नाही. चालू साइटवरच्या मिस्त्रीने घ्यायची. चार बाय सहाचं न्हाणीघर फरशी करून दाखवायचं, बादलीभर पाणी ओतायचं. पाणी जाळीकडे गेलं तर पास.

बायकांचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो या साच्यात बसत नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला रुग्णसेवेचं काम शिकायचं असतं. त्यात पैसा बरा आहे आणि या म्हाताऱ्या होत चाललेल्या शहरात मागणी तर विचारू नका. पण तिचा तोटा दिवसाच्या मजुरीचा नसतो. दोन महिने गेली नाही तर घर सुटतं, आणि सुटलेलं घर परत मिळत नाही; तिथे दुसरी लागलेली असते. तिला पूर्ण वेळ वर्ग आणि पूर्ण भत्ता देऊन उपयोग नाही. तिला दुपारी एक ते चार असा वर्ग, वस्तीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, सोबत पाळणाघर आणि त्या तीन तासांचा भत्ता लागतो. २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्या मंडळाने एवढं जरी हाती घेतलं तरी त्याला काही काम केल्यासारखं होईल.

पुण्यापुरतं करायचं तर एक हजार माणसांपासून करा. भत्त्याचे अडीच कोटी, शिकवण्याचे, मालाचे आणि अवजारांचे धरून चार कोटी म्हणा. महापालिकेचं अंदाजपत्रक बारा हजार कोटींच्या पुढे गेलं आहे. महापालिकेच्या इमारतींत 'लाइटहाऊस' नावाची कौशल्य केंद्रं २०१६ पासून चालतात, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. बांधकाम मजुराचा भत्ता उपकरातून, बाकीच्यांचा महापालिकेकडून. आणि वर्ग पावसाळ्यात भरवायचे. जून ते सप्टेंबर साइटवरची कामं मंदावतात, अड्ड्यावरून परतणाऱ्यांची संख्या वाढते, मिस्त्रीही शिकवायला मोकळे असतात. जानेवारीत पाचशे रुपयांसाठी कुणी हजेरी सोडणार नाही, जुलैत सोडेल. त्यासाठी बांधकाम मजुरांच्या मंडळाचा ठराव मार्चच्या आत व्हायला हवा आणि नोंदणीचं टेबल उन्हाळ्यातच, सकाळी आठ ते दहा, थेट अड्ड्यावर मांडायला हवं. नव्वद दिवसांचा दाखला न मागता.